‘कंपनी बंद पडली’ : एका वाक्याचे पृथक्करण

शाळेच्या व्याकरणात वाक्यपृथक्करण नावाचा एक प्रकार असे. वाक्य घ्यायचे, त्याचे उद्देश्य आणि विधेय वेगळे करायचे आणि उरलेले शब्द आपापल्या रकान्यांत वाटून द्यायचे. विद्यार्थ्यांना तो प्रकार कंटाळवाणा वाटे आणि शिकवणाऱ्यांनाही फारसा प्रिय नसे. या लेखात मात्र आम्हांला एकाच वाक्याचे पृथक्करण करायचे आहे. वाक्य तीन शब्दांचे आहे : ‘कंपनी बंद पडली.’

हे वाक्य आम्ही आजवर किती वेळा ऐकले असेल याची गणती नाही. आम्ही दोघे बदलापूर पश्चिमेला मांजर्लीत राहतो आणि दोन वेगवेगळ्या महाविद्यालयांत मराठी शिकवतो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही गावे मध्य रेल्वेच्या एकाच मार्गावर ओळीने वसलेली आहेत, आणि या ओळीतल्या कितीतरी घरांचा इतिहास एकदा तरी या तीन शब्दांपाशी येऊन थांबतो. प्रवेश अर्जातल्या पालकांच्या व्यवसायाच्या रकान्यात विद्यार्थी आडवी रेघ ओढतो. विचारले तर म्हणतो, ‘कंपनी बंद पडली, सर.’ आमच्या इमारतीतले निवृत्त शेजारी संध्याकाळी खाली बाकावर बसतात तेव्हा ते ‘कंपनी’ हा शब्दही गाळतात. ‘आमची बंद पडली त्या वर्षी मुलगी दहावीला होती,’ असे कोणी म्हणतो आणि ऐकणाऱ्याला काही विचारावे लागत नाही. ज्या वाक्यातला कर्ताच गाळला तरी अर्थ पोचतो, ते वाक्य समाजात खोल मुरलेले असते. अशा वाक्याकडे भाषेच्या अभ्यासकाने थोडे संशयाने पाहावे, असे आम्हांला वाटते.

०००

आधी कर्ता पाहू. ‘कंपनी’ हा शब्द मराठी मुलखात वावरू लागला तो राज्यकर्त्याचे नाव म्हणून. ‘कंपनी सरकार’ १८५८ साली संपले, पण शब्द राहिला आणि तो रंगभूमीवर गेला. मंडळींनी आपली नावे ‘नाटक मंडळी’ अशी ठेवली तरी लोक त्यांना नाटक कंपनीच म्हणत. पुढे सर्कस कंपनी आली, फिल्म कंपनी आली. आमच्या भागात या शब्दाला आणखी एक अर्थ चिकटला : कारखाना. ‘कंपनीचा भोंगा’, ‘कंपनीची चाळ’, ‘पुराचे पाणी कंपनीत शिरले’ ही सगळी आमच्या बोलीतली वाक्ये. ‘कुठे असता?’ या प्रश्नाला ‘कंपनीत’ एवढे उत्तर पुरत असे.

कायद्याच्या दृष्टीने मात्र कंपनी वेगळी आणि कारखाना वेगळा. कारखाना ही जमिनीवरची वास्तू. कंपनी ही कागदावर जन्मलेली कृत्रिम व्यक्ती. इंग्लंडमध्ये सॉलोमन नावाच्या बूट करणाऱ्या एका व्यापाऱ्याने आपला धंदा आपणच स्थापन केलेल्या कंपनीला विकला. ती कंपनी बुडाली तेव्हा देणी त्याच्याकडून वसूल करावीत की कंपनीकडून, असा वाद उभा राहिला. १८९६ च्या नोव्हेंबरात हाउस ऑफ लॉर्ड्सने निवाडा दिला, की तो माणूस आणि ती कंपनी या दोन स्वतंत्र व्यक्ती आहेत. जगातल्या कंपनी कायद्याच्या मोठ्या भागाचा पाया या निवाड्यात आहे. ही कृत्रिम व्यक्ती मालमत्ता बाळगू शकते, कर्ज काढू शकते, फिर्याद करू शकते, नाव बदलू शकते, दुसऱ्या कंपनीत विलीन होऊ शकते. नैसर्गिक मरण तेवढे तिला नाही.

म्हणजे कारखाना थांबणे आणि कंपनी संपणे या दोन निराळ्या घटना झाल्या. कारखाना थांबूनही कंपनी जगू शकते. कंपनी मेली तरी कारखाना नव्या नावाने चालू शकतो. आमच्या बोलीने एकाच शब्दात दोन्ही कोंबले, आणि त्यामुळे एक महत्त्वाचा प्रश्न विचारायचाच राहून गेला : नेमके काय बंद पडले?

आता क्रियापद. धंद्याच्या अंतासाठी मराठीत शब्दांची टंचाई नाही. कंपनी बुडते, तिचे दिवाळे निघते, ती गाशा गुंडाळते, तिला टाळे लागते. यांतले प्रत्येक क्रियापद कोणाच्या तरी जागेवरून बोलते. ‘बुडाली’ हे पैसे गुंतवणाऱ्याचे क्रियापद आहे. ‘दिवाळे निघाले’ हे सावकाराचे आणि बाजाराचे. ‘टाळे लावले’ हे युनियनच्या पत्रकातले. त्यात लावणारा हात दिसतो. ‘बंद पडली’ हे कामगाराच्या घरातले क्रियापद. त्यातल्या ‘पडणे’कडे पाहावे. पाऊस पडतो, दुष्काळ पडतो, माणूस आजारी पडतो, घड्याळ बंद पडते, एखाद्या गोष्टीचा विसर पडतो. मराठीत ‘पडणे’ जोडले की घटना घडते, पण ती कोणी घडवत नाही. आकाशातून कोसळावे तसे ते येते आणि माणसाने ते सोसायचे असते. कंपनीच्या बंद होण्याला आमच्या लोकांनी दुष्काळाच्या पंगतीत बसवले आहे.

०००

हे व्याकरण प्रत्यक्ष घटनेवर ठेवून पाहिले तर काय दिसते? अंबरनाथची विम्को घेऊ. या कंपनीचे नाव विम्को नाका या स्थळनामात आजही उच्चारले जाते. ‘वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी’ हे तिचे पूर्ण नाव. १९२२ साली सरकारने परदेशी काडेपेट्यांवर ग्रोसला दीड रुपया जकात बसवली. स्वीडनहून काडेपेट्या आणून इथे विकणे परवडेना, तेव्हा ‘स्वीडिश मॅच’ या बलाढ्य कंपनीने १९२३ साली भारतातच कंपनी काढली आणि अंबरनाथला कारखाना उभा केला. जकातीची भिंत ओलांडता येत नसेल तर भिंतीच्या आत घर बांधावे, असा हा विचार. कंपन्या परिस्थितीशी कशा जुळवून घेतात याचे हे चोख उदाहरण आहे. आणि हेही ध्यानात यावे की अंबरनाथच्या पहिल्या मोठ्या कारखान्यांपैकी एक जन्मला तो एका करामुळे.

या साम्राज्याचा सूत्रधार इवार क्रूगर होता. सरकारांना कर्जे द्यायची आणि मोबदल्यात काडेपेटीची मक्तेदारी मिळवायची, ही त्याची रीत. १२ मार्च १९३२ रोजी पॅरिसमध्ये त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली आणि त्याच्या मागे हिशेबांतले प्रचंड घोटाळे उघडे पडले. मूळ साम्राज्य कोसळले, पण विम्को चालू राहिली. मालक मेला, कंपनी नाही. सॉलोमनच्या निवाड्याचा हा प्रत्यक्ष अर्थ.

पुढे पाहू. १९३४ साली देशी काडेपेटीवरही उत्पादन शुल्क आले. तामिळनाडूत शिवकाशीच्या परिसरात हाताने काड्या करणारे छोटे कारखाने वाढत होते. स्वातंत्र्यानंतर सरकारने हातकामाच्या काडेपेटीला शुल्कात सवलत दिली आणि यंत्रावर होणाऱ्या काडेपेटीवर अधिक शुल्क ठेवले. हेतू रोजगाराचा होता आणि तो पुष्कळ अंशी साधलाही. त्या उद्योगातल्या बालमजुरीचा प्रश्न पुढे गाजला, हेही खरे. विम्कोचा बाजारातला वाटा मात्र या धोरणाने आक्रसत गेला. म्हणजे जी कंपनी एका कराने जन्मली, ती दुसऱ्या कराने रोडावली.

तिने हातपाय हलवले नाहीत असे नाही. काडीला मऊ, सरळ धाग्याचे लाकूड लागते. ते मिळेनासे झाले तेव्हा विम्कोने उत्तर भारतातल्या तराईत शेतकऱ्यांना पॉप्लरची रोपे देऊन शेतात लाकूड पिकवायला लावले. त्या भागात आज पॉप्लरची जी शेती दिसते, तिच्या इतिहासात या काडेपेटीच्या कंपनीचे नाव घ्यावे लागते. २००५ साली स्वीडिश मालकांनी आपला हिस्सा आय.टी.सी. समूहाला विकला. २०१४ साली काडेपेटीचा व्यवसाय आय.टी.सी.मध्ये विलीन झाला, आणि ‘विम्को’ हे नाव उरले ते पॅकिंगची यंत्रे करणाऱ्या विभागाकडे. ज्या नावाने काडेपेटी ओळखली जाई, त्या नावाची कंपनी काड्या करीनाशी झाली.

आमच्याकडे याला ‘विम्को गेली’ असे म्हणतात. गेली खरी; पण कुठे कुठे गेली ते पाहा. व्यवसाय कोलकात्याच्या समूहात गेला, झाडे तराईत गेली, नाव नाक्याला गेले. या सर्व जाण्यामागे कर्ते आहेत : जकात लावणारे सरकार, सवलत देणारे सरकार, हिस्सा विकणारा मालक, विकत घेणारा मालक. ‘गेली’ आणि ‘पडली’ या क्रियापदांत यांच्यापैकी एकही मावत नाही.

०००

‘काळच बदलला, त्याला कोण काय करणार?’ हा यावरचा नेहमीचा युक्तिवाद. त्याची परीक्षा घ्यायला आमच्या शेजारी एक उदाहरण आहे. कल्याणहून कसाऱ्याकडे निघाले की पहिले स्थानक शहाड आणि दुसरे आंबिवली. शहाडला सेंच्युरी रेयॉन. आंबिवलीजवळ मोहने येथे नॅशनल रेयॉन, म्हणजे एन.आर.सी. दोन्ही कारखाने रेयॉनचा धागा करणारे, दोन्ही उल्हास नदीच्या काठचे. दोघांनी वसाहती बांधल्या, शाळा चालवल्या. शहाडचे विठ्ठलाचे बिर्ला मंदिर तर आमच्या लहानपणी सहलीचे ठिकाण होते. एन.आर.सी.ला २००९ साली टाळे लागले. हजारो कामगारांच्या देण्यांचा प्रश्न त्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळ निरनिराळ्या न्यायासनांपुढे हिंडत राहिला, आणि मालमत्ता दिवाळखोरीच्या कार्यवाहीतून अदानी समूहाकडे गेली. सेंच्युरी रेयॉनमध्ये धागा निघत राहिला.

तोच धागा, तीच नदी, तोच काळ, मधे एका स्थानकाचे अंतर. केवळ काळाने कारखाने बंद पडत असते तर या दोघांचे भवितव्य एक झाले असते. ते झाले नाही, यावरून एवढे तरी सिद्ध व्हावे की काळ आणि कारखाना यांच्यामध्ये माणसांचे निर्णय उभे असतात. यंत्रे केव्हा बदलायची, कर्ज कशासाठी काढायचे, नफा कुठे वळवायचा, जमिनीकडे जमीन म्हणून पाहायचे की कारखान्याची जागा म्हणून, हे प्रश्न कोणीतरी एका खोलीत बसून सोडवत असते.

आणि जो कारखाना चालू राहिला, त्याच्या मालक कंपनीचे काय झाले? सेंच्युरीची स्थापना १८९७ ची, मुंबईतली कापड गिरणी म्हणून. ती गिरणी थांबली. वरळीच्या तिच्या जमिनीवर ‘बिर्ला नियारा’ हे निवासी मनोरे उभारण्याचे काम कंपनीनेच हाती घेतले. धाग्याचा विभाग २०१८ साली पंधरा वर्षांसाठी ग्रासिम इंडस्ट्रीजकडे चालवायला दिला. २०२४ साली कंपनीने आपले नावच बदलून ‘आदित्य बिर्ला रिअल इस्टेट’ असे केले. सव्वाशे वर्षांपूर्वी सूत कातण्यासाठी जन्मलेली कृत्रिम व्यक्ती आज घरे बांधते. बदलत्या परिस्थितीशी जुळवून घेण्याचे हे यशस्वी उदाहरण आहे आणि भागधारकांनी त्याचे कौतुक करणे स्वाभाविक आहे. आमचे म्हणणे इतकेच, की कंपनी ज्या वेगाने रूप बदलू शकते त्या वेगाने माणूस बदलू शकत नाही. कातणाऱ्याला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी इमारतीचा रखवालदार होता येते. त्याला ‘जुळवून घेणे’ म्हणण्याचे धाडस आम्हांला होत नाही.

०००

हा विषय आमच्यापर्यंत पुस्तकांतून आलेला नाही. आमच्यापैकी एकाचे वडील अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत फिटर होते. कंपनीचे नाव इथे महत्त्वाचे नाही. तशा पुष्कळ होत्या. १९९७ साली ती बंद झाली. घरातल्या आठवणींतून पुढे आम्ही तिच्या अखेरच्या दोन वर्षांचा क्रम लावला, तेव्हा त्यात ‘पडणे’ कुठेच सापडेना. आधी ओव्हरटाइम थांबला. मग कॅन्टीनमधला चहा पातळ झाला आणि शनिवारची भजी बंद झाली. मग सुटे भाग येईनासे झाले; एका यंत्राचे काढून दुसऱ्याला लावायचे. कच्चा माल महिन्याचा येत असे तो आठवड्याचा येऊ लागला. पगार सातऐवजी पंधरा तारखेला, मग दोन हप्त्यांत. फंडाचे पैसे पगारातून कापले जात होते पण भरले जात नव्हते, हे मागाहून कळले. याच काळात दोन नवी यंत्रे ट्रकवर चढवून गुजरातकडे नेली गेली. वडिलांनीच ती सोडवून दिली होती. काम चोख झाले म्हणून सुपरवायझरने पाठ थोपटली, असे ते सांगत.

मग एका सकाळी फाटकावर इंग्रजीत नोटीस लागली. बारावीत शिकणाऱ्या मुलाला वाचून दाखवायला नेले होते. त्याने मराठीत अर्थ सांगितला : ‘कामकाज तत्काळ थांबवण्याचा निर्णय घेण्यात आला आहे.’ चाळीसेक माणसे ऐकत होती. कोणी म्हणाले, ‘म्हणजे बंद पडली.’ वाक्य तिथल्या तिथे एका भाषेतून दुसऱ्या भाषेत आणि एका प्रयोगातून दुसऱ्या प्रयोगात गेले. ‘निर्णय घेण्यात आला आहे’ यात निदान निर्णय तरी होता. घेणारा लपवलेला होता इतकेच. ‘बंद पडली’ मध्ये निर्णयही नाहीसा झाला. नोटीस लिहिणाऱ्याने कर्ता झाकला आणि वाचणाऱ्यांनी, स्वतःच्या नकळत, क्रियाही झाकून टाकली.

पुढे काही जण वकिलाकडे गेले. वकिलाचा पहिला प्रश्न होता : ‘बंद कोणी केली?’ सर्वांचे उत्तर एकच : ‘कंपनीने.’ वकील म्हणाले, कंपनी हे नाव झाले. सही कोणाची आहे, संचालक कोण, यंत्रे कोणाच्या हुकमाने गेली, कोणत्या तारखेला गेली, ट्रकचा कागद कोणाजवळ आहे का? त्या खोलीत व्याकरणाचा प्रश्न पोटाचा प्रश्न झाला. कर्ता सांगता आला तर दावा उभा राहणार. नाहीतर देणे कोणाकडेच नाही. वडिलांना यंत्रे गेल्याची तारीख आठवत होती, कारण त्या दिवशी घरी पाहुणे होते आणि त्यांना उशीर झाला होता. अकरा वर्षांनी देण्यांचा काही भाग हाती आला. जे वकिलाकडे गेलेच नाहीत, त्यांचे म्हणणे असे : बंद पडली, आता कोणाकडे मागायचे? त्यांना तो भागही मिळाला नाही.

कायद्यालाही हा कर्ता टाळता आलेला नाही. मोठे कारखाने बंद करण्यापूर्वी सरकारची परवानगी घ्यावी, असा नियम औद्योगिक विवाद कायद्यात १९७६ साली आला. तेव्हा मर्यादा तीनशे कामगारांची होती. १९८२ च्या दुरुस्तीने ती शंभरावर आली. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने ती पुन्हा तीनशे केली. परवानगी सहसा मिळत नसे, म्हणून मधल्या काळात अनेक कारखाने रीतसर बंद झालेच नाहीत. टाळे लागले, वीज तुटली, पण कागदोपत्री ते चालूच राहिले. न मेलेल्याचे श्राद्ध करता येत नाही, तशी न बंद झालेल्या कारखान्याची देणीही मागता येईनात. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेने मालमत्ता विकून आलेल्या पैशात कामगारांच्या शेवटच्या चोवीस महिन्यांच्या देण्यांना तारण असलेल्या धनकोंच्या बरोबरीचे स्थान दिले. बँकेशेजारी कामगाराला बसायला जागा मिळाली, हे लहान नाही. पण चोवीस महिन्यांपूर्वीचे काय, हा प्रश्न ज्यांचा पगार चार चार वर्षे थकला त्यांच्यापुढे उरतोच.

०००

साहित्याच्या विद्यार्थ्यांना या सगळ्याचे काय, असे कोणी विचारील. आमच्या मते पुष्कळ आहे. कंपन्यांच्या अंताच्या कथा मराठी माणसाला सांगता येत नाहीत असे नाही. नाटक आणि चित्रपट यांच्या कंपन्यांचे अंत आपण मोठ्या तपशिलाने सांगत आलो आहोत. किर्लोस्कर मंडळीतून कोण फुटले आणि १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी कोणी काढली, पुढे ती कर्जात का रुतली, पडद्यांवर आणि शालूंवर किती खर्च झाला, हे नाट्यरसिकांच्या घराघरात माहीत असे. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात पाच भागीदारांनी स्थापली, १९३३ साली ती पुण्याला आली, १९४२ साली शांताराम बाहेर पडले, १९५३ साली कंपनी थांबली आणि त्याच जागेत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट आली. ‘प्रभात बंद पडली’ असे आपणही म्हणतो. पण लगेच पुढचे वाक्य येते, कोण गेले आणि का गेले याचे. तिथे आपल्याला कर्ते हवे असतात, कारण त्या माणसांना आपण नावाने ओळखतो.

कारखान्यांच्या बाबतीत हे घडले नाही. मराठीत कामगार आहे. मामा वरेरकरांच्या ‘धावता धोटा’पासून, म्हणजे १९३३ पासून आहे. नारायण सुर्व्यांच्या कवितेत तो मान ताठ करून उभा आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाने ज्यांची घरे मोडली त्यांचे एक घर जयंत पवारांनी ‘अधांतर’मध्ये रंगमंचावर आणले आणि आमच्या पिढीला नाटक या प्रकाराविषयी पुन्हा आदर वाटू लागला. हे सर्व साहित्य फाटकाबाहेरचे आहे : चाळ, रस्ता, संप, घर. फाटकाच्या आतली खोली, जिथे यंत्र विकायचे ठरते, ती या साहित्यात फारशी येत नाही. दुसऱ्या बाजूला उद्योजकांची चरित्रे आणि आत्मचरित्रे आहेत; त्यांत ती खोली आहे, पण ती कारखाना उभा राहतानाची. उभारणीचे गद्य आपल्याकडे आहे आणि उद्ध्वस्ततेचे काव्यही आहे. मधल्या कारभाराचे, निर्णयांचे, पत्रव्यवहाराचे गद्य नाही. कामगार कंपनीविषयी ‘बंद पडली’ एवढेच बोलतो याचे एक कारण आम्हांला हे वाटते : त्यापुढचे वाक्य साहित्याने त्याला दिलेच नाही.

याचा अर्थ प्रत्येक बंद कारखान्यामागे एक खलनायक शोधावा असा कोणी करू नये. काही वस्तू खरोखरच काळाच्या पोटात जातात. गोदरेजने १९५५ पासून टंकलेखन यंत्रे केली. २००९ साली ती करणे थांबवले आणि शिरवळच्या त्या कारखान्यात शीतकपाटे होऊ लागली. इथे यंत्राला मागणी उरली नव्हती आणि कंपनीने जागेचा दुसरा उपयोग शोधला. उल्हासनगरात तर बंद होणे आणि सुरू होणे यांतले अंतर दिवसांचे असते. फाळणीनंतर लष्करी छावणीच्या बराकींत आलेल्या सिंधी निर्वासितांनी १९४९ साली नाव मिळालेल्या या शहरात मिळेल त्या वस्तूचा धंदा उभा केला. पुढे जीन्सचे शिवणकाम भरभराटीला आले. २०१८ च्या सुमारास वालधुनीच्या प्रदूषणावरून जीन्स धुण्याच्या कारखान्यांवर गदा आली, तेव्हा त्यांपैकी कित्येक आसपासच्या गावांत सरकले. तिथे कोणी ‘कंपनी बंद पडली’ म्हणत नाही. ‘काम तिकडे नेले’ म्हणतात. लहान धंद्यात नेणारा डोळ्यांसमोर असतो, म्हणून क्रियापद सकर्मक राहते. कंपनी जितकी मोठी, तितके तिचे क्रियापद अकर्मक होत जाते.

आमच्या इमारतीत एक निवृत्त गृहस्थ आहेत. चाळीस वर्षे त्यांनी यंत्रांची देखभाल केली. या लेखाचा विषय त्यांच्याशी बोलताना निघाला तेव्हा ते म्हणाले, ‘यंत्र उगाच बंद पडत नसते. बेअरिंग जाते, पट्टा तुटतो, तेल संपते. काय गेले ते रजिस्टरात लिहावे लागायचे, वेळ टाकून, सही करून.’ कंपनीचे असे रजिस्टर कोणी ठेवले होते का, असे आम्ही विचारले. त्यांनी मान हलवली.

असे रजिस्टर आता उशिरा का होईना, ठेवता येईल, असे आम्हांला वाटते. अंबरनाथच्या शिवमंदिरावरच्या शके ९८२ च्या लेखामुळे साडेनऊशे वर्षांनंतरही आपल्याला शिलाहार राजा मांबाणीचे नाव वाचता येते. पंचवीस वर्षांपूर्वी थांबलेल्या कारखान्याच्या फाटकावर मात्र काही वाचता येत नाही. ज्यांनी हे कारखाने चालवले त्यांतले बरेच जण आज सत्तरीत आणि ऐंशीत आहेत. आपल्या महाविद्यालयांत प्रकल्प नावाचे जे काम विद्यार्थी संकेतस्थळांवरून उतरवून आणतात, त्याऐवजी त्यांना आपल्याच गल्लीतल्या एका माणसाकडे पाठवावे. पाळी, बदली, हजेरी, टोकन, गेटपास हे शब्द त्यांनी वाक्यांसह उतरवून आणावेत, आणि ‘बंद पडली’ हे वाक्य आले की तिथे न थांबता विचारावे : त्याआधी काय थांबले, कोणत्या महिन्यात, कोणी सांगितले, काय नेले, कुठे नेले. गेल्या वर्षी आम्ही आठ विद्यार्थ्यांसह हे करून पाहिले. सहा वह्या भरल्या आहेत. दोन विद्यार्थ्यांच्या घरी बोलायला कोणी तयार झाले नाही. त्यांच्या वह्यांत फक्त कंपनीचे नाव आणि नोकरी लागल्याची तारीख आहे. त्या वह्याही आम्ही इतरांबरोबर ठेवल्या आहेत.